नेमाण्णा आणि नवा टाइम

मागच्या महिन्यात कॉलेजातून दोन मुली टेपरेकॉर्डर घेऊन घरी आल्या. गावाच्या आणि कॉलेजच्या जुन्या आठवणी गोळा करायचं काम त्यांना दिलेलं होतं. एकीनं वहीतला प्रश्न वाचला, "काका, महायुद्धाच्या काळात तुम्ही सांगलीत शिकत होता. तुमच्यावर सर्वांत जास्त प्रभाव कोणाचा पडला?" मी म्हटलं, नेमाण्णांचा. "कोणता विषय शिकवायचे?" मी म्हटलं, "सूर्यास्त." तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि दुसरीनं यंत्र चालू आहे ना ते पाहिलं. बिचाऱ्यांना इंग्रजीचे किंवा गणिताचे प्राध्यापक हवे होते. त्यांच्यावरही मी बोललो, नाही असं नाही, पण दहा मिनिटांत संपलं. उरलेला दीड तास नेमाण्णांचा होता, आणि चहा झाल्यावरही तो पुरा झाला नाही, म्हणून आता लिहून काढतो आहे.

आमचं बोर्डिंग गावाबाहेर, कॉलेजच्या वाटेवर होतं. आसपासच्या गावच्या जैन शेतकऱ्यांनी आपल्या शेतातलं धान्य घालून ते चालवलं होतं, म्हणजे आपली पोरं नांगर सोडून चार बुकं शिकतील. चाळीस मुलं होतो. मी कराडचा, कोणी म्हसवडकडचा, बाकीचे बहुतेक कृष्णा-वारणेकाठचे. नेमगोंडा, म्हणजेच आमचे नेमाण्णा, हे तिथले गृहपती. दाराच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं. खरं तर या गृहपतीला ना गृह होतं ना गृहिणी. बायको तरुणपणीच तापानं गेली, शेत त्यांनी धाकट्या भावाच्या हवाली केलं आणि एक वळकटी घेऊन बोर्डिंगात आले ते तिथलेच झाले. सहा फूट उंची, अंगात बंडी, डोक्याला पटका, आणि आवाज असा की गच्चीवरून हाक मारली की कॉलेजच्या फाटकाशी उभा असलेला मुलगा दचकायचा.

बोर्डिंगात नियम पुष्कळ होते. पाणी गाळून प्यायचं, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य. पण सगळ्या नियमांचा राजा एकच, तो म्हणजे सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं. दिवस बुडाला की चूल बंद, मग कोणी आमदार येवो की मामा येवो. आता सूर्य कधी मावळणार हे ठरवायचं कोणी? ते खातं अण्णांकडं होतं. ते गच्चीवर जायचे, एक डोळा मिटायचे, हात पुढं लांब करायचे आणि क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये आडवी बोटं लावून मोजायचे. एक बोट म्हणजे पाव तास. "पाच बोटं ऱ्हायली रं! ताटं मांडा!" अशी आरोळी आली की चाळीस जण पुस्तकं मिटून खाली धावायचे. ढगाळ दिवशी अण्णा मागच्या कुंपणावरचा दोडक्याचा वेल बघायचे. दोडक्याची पिवळी फुलं सांजच्याला उमलतात. ती उमलायला लागली की आता उशीर नको, असा त्यांचा हिशेब.

घड्याळ नव्हतं असं समजू नका. दिवाणखान्यात एका देणगीदारानं दिलेलं मोठं लंबकाचं घड्याळ होतं, रोमन आकड्यांचं. आमच्यातला एक जण दर रविवारी त्याला किल्ली द्यायचा. अण्णा रोज सकाळी त्याची काच धोतराच्या सोग्यानं पुसायचे, पण वेळ म्हणून त्याच्याकडं कधी बघायचे नाहीत. त्यात युद्धाच्या पायी सरकारनं सगळी घड्याळं तासभर पुढं केली. जुना टाइम आणि नवा टाइम असा घोळ गावभर माजला. कोणी भेटायची वेळ सांगितली की पहिला प्रश्न, "जुना का नवा?" अण्णांना फारच आनंद झाला.

"सरकारनं काटा फुडं वढला म्हंजे सूर्य पळाया लागला व्हय?" ते विचारायचे. "त्येला कुणी तार केली?"

घड्याळाला तुच्छ मानणारा असा मानी म्हातारा साऱ्या सांगलीत नसेल, असं आम्ही मोठ्या कौतुकानं एकमेकांना सांगायचो.

आमच्यात धनपाल नावाचा एक मुलगा होता, आटपाडीकडचा. त्या मुलखात पाऊस कमी आणि माणसांना भूक जास्त. बोर्डिंगाचं जेवण त्याला पोटभर मिळायचं, पण जीभ भरायची नाही. एकदा गावात जाऊन तो कांदाभजी हाणून आला. वास जावा म्हणून वाटेत मूठभर तुळशीची पानं चावली. संध्याकाळच्या प्रार्थनेला अण्णांनी त्या दिवशी एक नवी पद्धत काढली. प्रत्येकानं त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभं राहून मोठ्यांदा प्रार्थना म्हणायची. धनपालनं दोन ओळी म्हटल्या असतील नसतील.

"धनपाल, तुळस लय खाल्लीस," अण्णा म्हणाले. "कांदा किती खाल्लास?"

"दोन पलेटी, अण्णा."

"बरं. म्हन फुडं."

एवढंच. रागावणं हे त्यांचं हत्यार नव्हतं. हत्यार वेगळं होतं आणि ते आम्हाला फार उशिरा कळलं. एखादा मुलगा सूर्यास्तानंतर आला की उपाशी राहायचा, हे ठरलेलंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाही जेवायचे नाहीत. कोणाला सांगायचे नाहीत, फक्त पानावर बसायचे नाहीत. एकदा आचाऱ्यानं ते फोडलं, तेव्हा आम्ही सगळे ओशाळलो. एकटा धनपाल तेवढा चिडला. "ह्यो उपास न्हवं रं गड्या, ह्यो डाव हाय," तो म्हणाला. पण त्या दिवसापासून संध्याकाळी बोर्डिंगाकडं सर्वांत जोरात पळत यायचा तोच.

हे पळणंच अंगाशी आलं. त्या वर्षी कॉलेजात हुतूतूचा अंतिम सामना होता. आमच्या वर्गाच्या सातातले पाच गडी बोर्डिंगातले. सामना उशिरा सुरू झाला, रंगला, आम्ही चार गुणांनी पुढं. एवढ्यात मैदानाच्या कडेला पटका दिसला. अण्णा आले होते. त्यांनी फक्त हात वर करून दोन बोटं दाखवली. धनपाल तेव्हा समोरच्यांच्या अंगणात चढाईला गेला होता. त्यानं तिथंच "हुतूतू" म्हणणं थांबवलं, पाच जणांनी सदरे उचलले आणि सगळे बोर्डिंगाच्या रस्त्याला लागले. उरलेल्या दोघांचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पंच शिट्टी तोंडात धरून तसाच उभा होता.

कॉलेजातून बोर्डिंगाच्या विश्वस्तांकडं पत्र गेलं. तुमची मुलं सामन्यातून उठतात, प्रयोगशाळेतून उठतात, हा काय प्रकार आहे? विश्वस्त म्हणजे पाच जण. त्यांचे अध्यक्ष मोठे बागायतदार, देहानंही मोठे. त्यांनी अण्णांच्या जागी एक बी. ए. झालेला तरुण हेरून ठेवला होता. श्रावणात ते पाचही जण पाहणीला येणार, मुलांबरोबर जेवणार आणि अण्णांचा निकाल लावणार, अशी बातमी आचाऱ्यानंच आणली. अण्णांना काढलं तर ते जाणार कुठं? शेत भावाचं झालेलं, घर भावजयीचं. आम्हाला हा विचार सुचला तेव्हा त्या दिवशी अभ्यास कोणाचा झाला नाही.

ते आले त्या दिवशी सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं. स्वयंपाकघरात पुरणपोळ्यांचा घाट. अण्णांची सारखी आतबाहेर ये-जा चाललेली, पटका तिसऱ्यांदा बांधलेला. ताटं मांडली, आम्ही रांगेत बसलो, पण आधी अध्यक्षांचं भाषण. विषय होता वेळेचं महत्त्व. खिशातलं घड्याळ काढून त्यांनी समोर ठेवलं आणि वेळेचं महत्त्व सांगण्यात पाऊण तास घालवला. बाहेर अंधारून आलं. अण्णा दोनदा मागं कुंपणापर्यंत जाऊन आले. तिसऱ्यांदा आले ते चेहरा पडलेलाच. पश्चिमेकडं तोंड करून त्यांनी हात जोडले, "सोडलं" असं पुटपुटले, म्हणजे आता सकाळपर्यंत अन्न-पाणी बंद, आणि भाषणाच्या मध्येच म्हणाले, "साहेब, माफ करा. दिवस बुडाला. ताटं उचला रं."

अध्यक्षांनी घड्याळ उचललं. "नेमगोंडा, अजून दीड तास आहे."

"त्यो सरकारचा टाइम, साहेब. फुलं कवाच उमलल्यात."

मग विश्वस्तांमध्ये खल झाला. एकानं नव्या टाइमातून तास वजा केला, दुसऱ्यानं चुकून मिळवला, तिसरा म्हणाला श्रावणात दिवस लहान व्हायला लागतो. तिघांचे तीन सूर्यास्त निघाले. अध्यक्ष धार्मिक माणूस. बुडाल्यावर जेवल्याचं पाप डोक्यावर घ्यायची त्यांची तयारी नव्हती. पुरणाचा वास घेत त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि हात आवरला.

आणि तेवढ्यात पश्चिमेचे ढग फाटले. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं ते नेमकं रिकाम्या ताटांवर. अण्णा बाहेर गेले, एक डोळा मिटून त्यांनी हात लांब केला, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. काळ्या ढगांनी दोडक्याच्या फुलांनाही चकवलं होतं. आत येऊन ते ताठ उभे राहिले.

"चुकलं माजं, साहेब. सा बोटं दिवस हाय. तुमी समदी जेवून घ्या. म्या सोडलंय, मला आता सकाळशिवाय न्हाई."

"हेच तर आमचं म्हणणं आहे," अध्यक्ष म्हणाले. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही, हे कबूल केलं पाहिजे. "पुढच्या महिन्यापासून नवे गृहपती येतील. बी. ए. आहेत. घड्याळावर चालतात."

"बरं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पोळ्यांची परात उचलली.

वाढायला ते धनपालपासून सुरू करायचे, कारण तो सर्वांत भुकेला. धनपालनं ताटावर हात आडवा धरला.

"का रं?"

"आमी बी सोडलं."

"आरं, दिवस हाय अजून!"

"असंना का. तुमी ऱ्हाणार आसाल तर जेवतो."

शेजारच्यानं हात धरला, त्याच्या शेजारच्यानं धरला. माझ्यापर्यंत येईस्तोवर वीसेक हात झाले होते. मी काही शूर वगैरे नव्हतो. पोळीचा वास नाकात भरला होता आणि पोटात कावळे ओरडत होते. पण दोन्ही बाजूंचे हात ताटावर असताना आपला मागं कसा ठेवायचा, म्हणून मीही धरला. बाहेर सगळा देश सत्याग्रह करत होता आणि आमच्या वाट्याला हा आला होता, पुरणपोळीसमोरचा.

"ही शिस्त?" अध्यक्ष कडाडले. "आम्हाला वाढा!"

अण्णांनी त्यांना वाढलं, वर तूप सोडलं. अध्यक्षांनी घास मोडला आणि वर पाहिलं. चाळीस मुलं त्या घासाकडं बघत होती. घास तोंडापर्यंत गेला आणि परत ताटात आला.

मग अण्णांची जी धावपळ उडाली, ती मी जन्मात विसरणार नाही. बाहेर जाऊन बोटं मोजायची, आत येऊन पोरांच्या विनवण्या करायच्या. "चार बोटं! जेवा रं बाबांनो. चूक माजी हाय, तुमी का उपाशी?" पुन्हा बाहेर. "तीन बोटं! साहेब, ठिवू नका मला. पोरं येडी हाईत, त्येंचं काय आयकता?"

"नेमगोंडा, नीट मोज," अध्यक्ष म्हणाले.

"तीनच हाईत."

"मघाशी चुकलास ना?"

"मगाशी फुलं चुकली. बोटं चुकत न्हाईत."

दोन बोटं झाली. एक विश्वस्त अध्यक्षांच्या कानाला लागला. दुसऱ्यानं उघडच सांगितलं की त्याला पित्ताचा त्रास आहे. धनपाल मांडी घालून समोरच्या भिंतीकडं बघत बसला होता, कपाळावर घाम. एक बोट आणि वर थोडं, अशी आरोळी आली, तेव्हा अध्यक्षांनी ताटावर मूठ आपटली.

"राहू दे नेमगोंडाला! वाढा! पण उद्यापासून सगळं घड्याळावर. पंधरा दिवसांनी मी स्वतः येऊन बघणार."

पंचेचाळीस माणसं पंधरा मिनिटांत पुरणपोळी कशी जेवतात, हे बघायला तुम्ही तिथं असायला हवं होतं. अध्यक्षांनी चार पोळ्या खाल्ल्या. अण्णा उपाशी पोटी वाढत होते, "अर्धं बोट! पानी प्या!" म्हणून ओरडत होते. आम्ही जिंकलो होतो. तरी अण्णांच्या चेहऱ्यावर काही उजेड नव्हता. मला वाटलं, चूक मनाला लागली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर पाणी गाळत होतो. अण्णांनी खूण करून बोलावलं आणि दिवाणखान्यात नेऊन दार लोटलं. घड्याळासमोर उभे राहिले. बराच वेळ काच पुसत राहिले, ती स्वच्छ होती तरी.

"तू कमी बोलतोस, म्हनून तुला सांगतो," ते म्हणाले. "ह्ये काय लिवलंय?"

मला कळेना. "कुठं?"

"ह्या रेगोट्या. म्या मराठी वाचतो. कानडी पोथी वाचतो. ह्ये मला येत न्हाई. पंचवीस वर्सं काच पुसतोय. गृहपती हाय म्या, इचारू कुनाला?"

ज्याला आम्ही मान समजत होतो, ती लाज होती. त्या तारेच्या विनोदावर मी किती हसलो होतो, ते आठवून मला स्वतःचीच शरम वाटली. मी एवढंच म्हटलं, "सोपं आहे, अण्णा. आठवडाभरात येईल."

आठवड्यात आलं नाही, अकरा दिवस लागले. रोज पहाटे प्रार्थनेआधी आमची शाळा भरायची. पाचाच्या रोमन आकड्याला ते नरसाळं म्हणायचे, दहाला आडव्यातिडव्या काठ्या. सर्वांत जास्त घोळ काट्यांचा झाला. लहान काटा तास दाखवतो आणि मोठा नुसती मिनिटं, हे त्यांना पटेना.

"म्हंजे धाकटा आसून कारभार त्येच्याकडं, आन् थोरला नुसता फिरतोय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आमच्या घरात बी तसंच हाय म्हना."

बाराव्या दिवशी सकाळी बोर्डिंग दणाणलं, "नव्या टाइमानं सात वाजून सव्वीस मिनटं!" सत्ताविसाव्या मिनिटालाही दणाणलं. दोन दिवस कोणाला काही सुचू दिलं नाही त्यांनी. अध्यक्ष ठरल्याप्रमाणं आले आणि आल्या आल्या विचारलं, "नेमगोंडा, किती वाजले?" अण्णांनी घड्याळाकडं पाहिलं, वेळ सांगितली, मग अध्यक्षांच्या हातातल्या घड्याळात डोकावले. "तुमचं तीन मिनटं मागं हाय, साहेब," म्हणाले. अध्यक्षांनी काटा पुढं केला आणि तो विषय संपला. धनपालला मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की अण्णांनी केवळ आमच्यासाठी आपला हट्ट सोडला. मी त्याला काही सांगितलं नाही. तो आता नाही, म्हणून लिहितो आहे.

मी बी. ए. होऊन निघालो, तोवर युद्ध संपलं होतं आणि सरकारनं घड्याळं परत तासभर मागं घेतली होती. "आलं न्हवं सरकार वळनावर?" असं अण्णांनी गावभर विचारून घेतलं. मला पोचवायला ते सांगलीच्या स्टेशनवर आले. मिरजेची गाडी उशिरा होती. प्लॅटफॉर्मवरच्या घड्याळाकडं बघून अण्णांनी स्टेशनमास्तरला दोनदा सुनावलं, "अकरा मिनटं झाली, मास्तर! आवं, बारा झाली!" मास्तर बिचारा खोलीत जाऊन बसला.

गाडी आली. मी पाया पडलो, त्यांनी पाठीवर हात ठेवला, "जेवन येळंवर कर," म्हणाले. गाडी हलली तसा मी खिडकीतून हात हलवायला लागलो. पण अण्णांचं लक्ष नव्हतं. कुठल्याशा खेड्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्यांना किती वाजले ते विचारलं होतं. अण्णांनी त्याला दंडाला धरून घड्याळाखाली उभं केलं होतं, आणि त्या आवाजात, जो फाटकापर्यंत पोचायचा, साऱ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं सांगत होते, "लाजू नका, पाव्हणं. मला बी येत न्हवतं."